सही करण्याआधी प्रस्तावातले आकडे वाचा

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी सावकाश दोनदा वाचले. इतर वाचकांसाठी त्यातली हकिकत थोडक्यात सांगतो. तुमच्या घराच्या मागच्या भिंतीला लागून एक मोठे गोदाम आहे आणि ते गेली पंधरा वर्षे बंद आहे. त्या जागेचा भूवापर औद्योगिकऐवजी मिश्र करावा आणि मुख्य रस्त्याच्या बाजूला दोनऐवजी सहा मजल्यांना परवानगी द्यावी, असा प्रस्ताव नगरपालिकेच्या सभागृहापुढे आला असून हरकती व सूचनांसाठी तीस दिवसांची मुदत आहे. गल्लीतल्या शेजाऱ्यांनी प्रस्तावाविरुद्ध पत्रक काढले आहे आणि सहीसाठी ते दोनदा तुमच्या दारी येऊन गेले आहेत. दुसरीकडे, तुमची मुलगी जवळच्याच रुग्णालयात परिचारिका आहे. तिला या भागात परवडेल असे भाड्याचे घर मिळाले नाही म्हणून ती दीड तासावर राहते आणि रात्रपाळी संपल्यावर पहाटेच्या पहिल्या बसने घर गाठते. सही केली तर मुलीच्या वाटेत आपणच काटे पेरल्यासारखे होईल आणि नाही केली तर चाळीस वर्षांच्या शेजाराशी बेइमानी होईल, असे तुम्ही लिहिले आहे.

आधी उत्तर देतो, कारणे मागाहून. त्या पत्रकावर आहे त्या स्वरूपात सही करू नका. मात्र स्वतःची हरकत मुदतीच्या आत लेखी द्या आणि सुनावणीला जातीने हजर राहा. पत्रक तुम्हाला होकार की नकार एवढेच विचारते. सभागृहापुढचा प्रस्ताव मात्र आकड्यांचा आणि अटींचा बनलेला असतो. उंची किती, एकूण चटई क्षेत्र, म्हणजे सगळ्या मजल्यांचे मिळून बांधकाम, किती, शेजारच्या भिंतीपासून किती अंतर सोडायचे, तळमजल्यावर काय चालेल, गाड्यांना किती जागा, मोकळी जागा कोणाच्या ताब्यात आणि केव्हा, हे सगळे त्यात लिहिलेले असते किंवा लिहायचे राहून गेलेले असते. यांतली प्रत्येक गोष्ट आज बदलता येते. ठराव मंजूर झाल्यावर ती बदलायची म्हणजे सगळी प्रक्रिया पुन्हा पहिल्यापासून करावी लागते, आणि तशी ती कोणी सहसा करत नाही.

मी एका शहराच्या नगररचना कार्यालयात ऐन उमेदीची वर्षे काढली. तेव्हा नकाशे हाताने रंगवत असत. निवासी भागाला पिवळा, औद्योगिक भागाला जांभळा आणि मोकळ्या जागांना हिरवा. जांभळ्या तुकड्यावर पिवळी पेन्सिल फिरवायला दहा मिनिटे पुरत. पण त्या दहा मिनिटांत जमिनीची किंमत, तिच्यावर कोण राहणार आणि शेजारच्या अंगणात ऊन किती वाजता येणार, हे सगळे बदलून जाई. हे मी मुद्दाम सांगतो, कारण तुमच्या पत्रात तुम्ही वारंवार ‘बिल्डिंग येणार आहे’ असे म्हटले आहे. सभागृह इमारत मंजूर करत नाही, परवानगीची चौकट मंजूर करते. गोदामाच्या आजच्या मालकाने कितीही सुंदर चित्र दाखवले तरी ते चित्र त्याच्यावर बंधनकारक नसते. उद्या त्याने जमीन विकली तर नवा मालक त्याच चौकटीत अगदी वेगळे काही उभारू शकतो. म्हणून चित्र बाजूला ठेवा आणि चौकटीत जास्तीत जास्त काय बसते ते पाहा.

अशा चौकटी घालण्याची गरज मुळात शेजाऱ्यांच्या तक्रारीतूनच निर्माण झाली. न्यूयॉर्कमध्ये १९१५ साली इक्विटेबल बिल्डिंग ही अडतीस मजली इमारत पदपथाच्या कडेपासून सरळ वर चढवण्यात आली आणि आजूबाजूच्या अनेक इमारती तिच्या सावलीत गेल्या. पुढच्याच वर्षी, जुलै १९१६ मध्ये, त्या शहराने संपूर्ण शहरासाठी भूवापराचे आणि उंचीचे नियम लागू केले. रस्ता जितका रुंद तितके सरळ वर जायचे आणि त्यानंतर पायरीपायरीने मागे सरकायचे, असा त्याचा गाभा होता. न्यूयॉर्कच्या त्या काळातल्या उंच इमारती पायऱ्यांसारख्या दिसतात, त्या याच नियमामुळे. म्हणजे तुमच्या शेजाऱ्यांनी सावलीबद्दल जी चिंता व्यक्त केली आहे ती क्षुल्लक नाही. तिला शंभर वर्षांचा इतिहास आहे आणि तिच्यावर उपायही आहे: मागच्या बाजूला, म्हणजे तुमच्या भिंतीकडे, वरचे मजले मागे घ्यायला लावणे. प्रस्तावात तसे कलम नसेल तर ते मागा.

मात्र मागताना शब्द नेमके हवेत. त्याच शहराने १९६१ मध्ये नवे नियम केले तेव्हा इमारतीपुढे लोकांसाठी मोकळा चौक सोडणाऱ्याला जादा चटई क्षेत्र मिळेल, अशी सवलत ठेवली. विकासकांनी चौक सोडले आणि जादा मजले पदरात पाडून घेतले. पण यातले बरेच चौक ओसाड राहिले, कारण तिथे बसायला काहीच नव्हते. विल्यम व्हाइट या अभ्यासकाने हे चौक कॅमेऱ्याने टिपले, माणसे कुठे थांबतात आणि कुठून पाय उचलतात हे मोजले, आणि जिथे बसायला जागा आहे तिथे माणसे बसतात ही साधी गोष्ट चित्रीकरणानिशी दाखवून दिली. १९७५ मध्ये नियम सुधारले आणि चौकात बसण्याची सोय सक्तीची झाली. मधल्या चौदा वर्षांत मंजूर झालेल्या इमारतींचे जादा मजले मात्र कोणी काढून घेतले नाहीत. तुमच्या प्रस्तावात ‘नागरिकांसाठी मोकळी जागा’ एवढेच शब्द असतील, तर ती कोणत्या बाजूला, किती चौरस मीटर, कुंपणाविना की कुंपणासह आणि तिची देखभाल कोण करणार, हे विचारल्याशिवाय त्या शब्दांवर समाधान मानू नका.

आता पत्रकातल्या एका वाक्याविषयी बोलणे मला भाग आहे. तुम्ही सोबत जोडलेल्या पत्रकात सावली, सांडपाणी, वाहने हे मुद्दे आहेत, आणि त्यांच्याच रांगेत ‘भाडेकरूंच्या वर्दळीने वस्तीचा दर्जा घसरेल’ असेही लिहिले आहे. हे वाक्य वाचून मला वाईट वाटले, कारण ते फार जुने आहे आणि त्याने फार नुकसान केले आहे. १९२६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने क्लीव्हलँडजवळच्या युक्लिड या गावाचे भूवापराचे नियम वैध ठरवले आणि शहरांना जमिनीच्या वापरावर बंधने घालण्याचा अधिकार पक्का झाला. तो निकाल लिहिताना न्यायमूर्ती जॉर्ज सदरलँड यांनी स्वतंत्र घरांच्या वस्तीत येणाऱ्या भाड्याच्या सदनिकांच्या इमारतीला चक्क परोपजीवी म्हटले. त्याआधी, १९१७ मध्ये, त्याच न्यायालयाने लुइव्हिल शहराचा वर्णावरून वस्त्या वेगळ्या ठेवणारा नियम रद्द केला होता. त्यामुळे कायद्यात वर्णाचे उघड नाव घेणे अवघड झाले. पण भूखंड एवढा मोठाच हवा, त्यावर एकच घर हवे, अशा अटींनी तेच काम बिनबोभाट चालू राहिले. कोण शेजारी नको हे न सांगता त्याला दूर ठेवण्याचे ते साधन झाले. तुमचे शेजारी वाईट माणसे नाहीत, हे तुमच्या पत्रातल्या प्रत्येक आठवणीतून दिसते. पण ज्या ‘वर्दळी’बद्दल ते लिहीत आहेत तिच्यात तुमची परिचारिका मुलगी येते, हे त्यांच्या लक्षात आलेले नाही, आणि ते तुम्हीच त्यांना सांगू शकता.

तिच्या प्रश्नाबद्दल मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही. एका गोदामाच्या जागी सहा मजले उभे राहिल्याने वस्तीतले भाडे उतरत नाही. भाड्यावर परिणाम होतो तो शहरभर, बरीच वर्षे, पुष्कळ घरे बांधली गेली तर. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडने २०१६ मध्ये आपल्या निवासी जमिनीपैकी सुमारे तीन चतुर्थांश जमिनीवर जास्त दाट बांधकामाला परवानगी दिली, आणि पुढच्या पाच-सहा वर्षांत नव्या घरांच्या वार्षिक मंजुऱ्या जवळपास दुप्पट झाल्या. अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहराच्या सभागृहाने डिसेंबर २०१८ मध्ये बारा विरुद्ध एक मतांनी असा आराखडा स्वीकारला की प्रत्येक निवासी भूखंडावर तीन घरांपर्यंत परवानगी मिळावी. त्याचा गाजावाजा झाला तो या तीन घरांमुळे. प्रत्यक्षात तिथे नवी घरे मुख्यतः मोठ्या रस्त्यांलगतच्या मोठ्या इमारतींमधून आली, म्हणजे तुमच्या गोदामासारख्याच जागांवर. तेव्हा तुमच्या मुलीला याच इमारतीत घर मिळेल असे नाही. पण अशी प्रत्येक जागा अशाच पत्रकांनी अडवली गेली, तर तिला कुठेच मिळणार नाही.

‘विरोध करून वस्ती वाचते’ याचे उदाहरण म्हणून न्यूयॉर्कच्या वेस्ट व्हिलेजचे नाव नेहमी घेतले जाते. तिथल्या रहिवाशांनी, तिथेच राहणाऱ्या लेखिका जेन जेकब्स यांच्या पुढाकाराने, १९६१ मध्ये आपली वस्ती पाडून नव्याने उभारण्याची शहराची योजना हाणून पाडली. पण या कथेचा उत्तरार्ध क्वचितच सांगितला जातो. तेच रहिवासी स्वतःचा आराखडा घेऊन पुढे आले. एकही माणूस, एकही चिमणी हलवायची नाही, ही त्यांची घोषणा होती आणि रिकाम्या तुकड्यांवर पाच मजल्यांची, साधी, परवडणारी घरे बांधावीत ही त्यांची मागणी होती. बारा वर्षांच्या झगड्यानंतर, १९७४ च्या सुमारास, चारशे वीस घरे उभी राहिली. आणि याचाही पुढचा भाग आहे. आसपासचा मोठा परिसर १९६९ मध्ये वारसा क्षेत्र म्हणून जाहीर झाला, नव्या बांधकामाला फारसा वाव उरला नाही आणि आज तो त्या शहरातल्या सर्वांत महागड्या भागांपैकी एक आहे. जुन्या इमारती तशाच्या तशा उभ्या आहेत. ज्या गोदी कामगारांनी आणि कारागिरांनी ती वस्ती घडवली, त्यांच्या मुलाबाळांना तिथे घर घेणे आवाक्याबाहेरचे आहे. गल्ली होती तशीच राहावी असे तुमच्या शेजाऱ्यांना वाटते, तेव्हा त्यांना भिंती हव्या आहेत की माणसे, हे एकदा शांतपणे विचारून पाहण्यासारखे आहे.

यापुढचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तुम्ही लिहिले आहे की गोदामाच्या मागच्या तुकड्यावर बाग करण्याचे आश्वासन मिळाले आहे आणि त्यामुळे काही शेजारी नरमले आहेत. न्यूयॉर्कच्याच ब्रुकलिन भागातल्या ग्रीनपॉइंट आणि विल्यम्सबर्ग या नदीकाठच्या वस्त्यांचे २००५ मध्ये काय झाले ते पाहा. तिथल्या कारखान्यांच्या आणि गोदामांच्या पट्ट्यावर उंच निवासी इमारतींना परवानगी देण्यात आली आणि बदल्यात अठ्ठावीस एकरांच्या नदीकाठच्या उद्यानाचे आश्वासन मिळाले. पण परवानगी आधी दिली गेली आणि उद्यानाची जमीन मागाहून घ्यायचे ठरले. परवानगी मिळताच परिसरातली जमीन महागली, आणि शहराला स्वतःच्याच निर्णयाने चढलेल्या भावाने ती विकत घ्यावी लागली. इमारती उभ्या राहिल्या, लोक राहायला आले आणि उद्यान तुकड्यातुकड्याने रखडत राहिले. शेवटचा मोठा तुकडा एका गोदामाचा होता. ते गोदाम २०१५ च्या जानेवारीत जळाले, रहिवाशांनी वचनाची आठवण करून देत पुन्हा आंदोलने केली आणि २०१६ च्या अखेरीस शहराने ती जागा सोळा कोटी डॉलरला घेण्याचे मान्य केले. एका वचनाला अकरा वर्षे आणि एवढी रक्कम लागली, ती केवळ क्रम चुकल्यामुळे.

म्हणून तुमच्या हरकतीतले पहिले वाक्य बागेविषयी असू द्या. बागेची जमीन नगरपालिकेच्या नावावर झाल्याखेरीज वाढीव मजल्यांची परवानगी लागू होऊ नये, ही अट ठरावातच लिहिली जावी, अशी मागणी करा. ‘भोगवटा प्रमाणपत्रापूर्वी (म्हणजे इमारतीत राहायला परवानगी मिळण्याआधी) बाग तयार करून द्यावी’ हा त्याहून सौम्य पर्याय आहे, पण तोही आश्वासनापेक्षा कितीतरी बरा. या एका मागणीवर तुमचे विरोधक शेजारी आणि तुम्ही एका बाजूला येऊ शकता.

दुसरी मागणी परवडणाऱ्या घरांची करा, आणि तिथे ‘प्रोत्साहन’ हा शब्द दिसला तर थांबा. न्यूयॉर्कने बरीच वर्षे विकासकाला जादा मजले देऊ करून अशी घरे ऐच्छिक ठेवली होती. मार्च २०१६ मध्ये तिथल्या सभागृहाने नियम बदलला. त्यानुसार, ज्या जागेवर निवासी परवानगी वाढवून मिळते, तिथे साधारणपणे पंचवीस ते तीस टक्के घरे ठरावीक उत्पन्नगटांसाठी कायमची राखून ठेवणे सक्तीचे झाले. तुमच्या भागात हा आकडा किती शक्य आहे, हे जमिनीच्या भावावर अवलंबून आहे आणि तो उगाच फुगवून सांगितला तर प्रकल्पच उभा राहत नाही. पण भूवापर बदलल्याने मालकाला एका रात्रीत जो लाभ होतो, त्यातला काही वाटा मागणे पूर्णपणे न्याय्य आहे, आणि तो बांधकाम सुरू झाल्यावर मागता येत नाही.

गाड्यांच्या तळाविषयी थोडक्यात लिहितो. शेजाऱ्यांनी प्रत्येक घरामागे दोन गाड्यांच्या जागेची मागणी केली आहे. तिचा खर्च घराच्या किमतीत चढतो, तळमजला गाड्यांखाली जातो आणि रस्त्याकडेला कोरी भिंत उरते. डोनाल्ड शूप या प्राध्यापकांनी आयुष्यभर हेच मांडले, आणि अमेरिकेतल्या बफेलो शहराने २०१७ मध्ये अशी किमान सक्ती शहरभरातून काढून टाकली. त्याऐवजी तळमजल्यावर लहान दुकाने असावीत, असे सुचवा. जपानमध्ये सर्वांत कडक निवासी क्षेत्रातसुद्धा राहत्या घराला जोडून पन्नास चौरस मीटरपर्यंतचे दुकान चालते, आणि त्याने तिथल्या गल्ल्या बिघडलेल्या नाहीत.

दुकानांवरून आठवले. गोदामाच्या पुढच्या अंगाला दुरुस्तीची तीन लहान दुकाने भाड्याने चालतात, असे तुमच्या पत्राच्या शेवटी एका ओळीत आले आहे. ते तिघेही पत्रकात नाहीत, बैठकीला नव्हते आणि बहुधा त्यांना नोटीसही गेलेली नाही, कारण पुष्कळ ठिकाणी नोटीस मालकाला जाते, भाडेकरूला जात नाही. या निर्णयाने ज्यांची रोजीरोटी सर्वांत आधी जाणार ते हे तिघे आहेत. त्यांच्याकडे जा, मुदत कधी संपते ते सांगा आणि नव्या इमारतीच्या तळमजल्यावर त्यांना पहिला हक्क मिळावा, अशी हरकत त्यांच्याच नावाने लिहून द्यायला मदत करा.

सुनावणीत काय चालते, याचा एक प्रसंग माझ्या नोकरीतला आहे. एका गल्लीवर सहा मजले देण्याचा प्रस्ताव होता. अडीचशे सह्यांचे निवेदन आले होते. अध्यक्षांनी ते नोंदवून घेतले आणि बाजूला ठेवले. मग शिवणकाम करणाऱ्या एक बाई उठल्या. गळ्यात मोजपट्टी तशीच लोंबत होती. त्या म्हणाल्या, “नकाशात आमची गल्ली नऊ मीटर दाखवली आहे. मी काल संध्याकाळी तीन ठिकाणी मोजली. तोंडाशी ती पावणेसात मीटर भरते, कारण तिथे विजेची पेटी आणि जुनी भिंत आहे.” दालनात क्षणभर कोणी बोलले नाही. इमारतीची परवानगी उंची रस्त्याच्या रुंदीवर ठरत होती. आमच्या कार्यालयाने जागेवर न जाता जुन्या नकाशावरून आकडा उचलला होता. दुसऱ्या दिवशी आम्ही मोजायला गेलो तेव्हा त्यांचा आकडा बोटभरही चुकलेला नव्हता. प्रस्ताव सहावरून चार मजल्यांवर आला. अडीचशे सह्यांनी जे झाले नाही ते तीन मोजमापांनी झाले. सह्या करणाऱ्यांचा हेतू कमी प्रामाणिक होता असे नाही. सभागृहाला ठरावात उतरवता येईल असे काही त्यांनी हाती दिले नव्हते, एवढेच.

तुम्हीही असेच करा. नगरपालिकेच्या कार्यालयात जाऊन प्रस्तावाची पूर्ण प्रत आणि नकाशा मागा. तो पाहण्याचा तुम्हाला अधिकार आहे. रस्ता मोजा, भिंतीपासूनचे अंतर मोजा, गल्लीच्या कोणत्या चेंबरमधून पावसात पाणी वर येते ते तारखांसह लिहा. हरकत एका पानात बसवा, पोच घ्या, आणि सुनावणीआधी आपल्या नगरसेवकाला व समितीच्या सदस्यांना भेटा, कारण खरी घासाघीस समितीत होते आणि महासभेत बहुधा शिक्कामोर्तब होते.

बेइमानीचे म्हणाल, तर शेजाऱ्यांना चुकवून काही करू नका. पत्रक घेऊन ते पुन्हा येतील तेव्हा त्यांना चहाला बसवा आणि तुमचे एक पान त्यांच्यापुढे ठेवा. बाग आधी, मागच्या बाजूचे मजले मागे, सांडपाण्याची वाहिनी बांधकामाआधी मोठी करणे, भाडेकरू दुकानदारांना जागा आणि परवडणारी घरे. यांतल्या निम्म्याहून अधिक गोष्टी त्यांनाही हव्याच आहेत. भाडेकरूंविषयीचे ते वाक्य गाळले तर त्यांच्या सह्या तुमच्या पानाखालीही येऊ शकतील, आणि मोजमापांसोबत आलेल्या सह्यांना सभागृहात नक्कीच वजन येते. काहींना ते पटणार नाही. त्यांची नाराजी काही महिने राहील. ती सोसावी लागेल, आणि तुम्ही ती सोसू शकाल असे तुमच्या अक्षरातून मला वाटते.

पत्रावरच्या तारखेवरून मुदतीचे एकोणीस दिवस उरले आहेत. नकाशाची प्रत मिळायला त्यातला एक आठवडा जाऊ शकतो, तेव्हा अर्ज उद्याच द्या. तुमची हरकत लिहून झाली की तिची एक प्रत माझ्याकडे पाठवा. आकडे मी तपासून देईन.

आपला स्नेहांकित